खाणीच्या वाटेवरचा बाण

एका गावात मुलींचं एक गाइड पथक होतं आणि त्या पथकात वेणू नावाची एक घाईची मुलगी होती. घाईची म्हणजे किती, तर पथकाच्या बाई 'सावधान' म्हणायला तोंड उघडत, तोवर ही 'विश्राम'ला जाऊन पोचलेली असे.

त्या पथकात नाव घातलं की आधी गळ्यात बांधायला स्कार्फ मिळे. स्कार्फ काय, सगळ्यांनाच मिळतो. खरी मानाची गोष्ट म्हणजे प्रथम सोपान, म्हणजे पहिली पायरी. ती परीक्षा पास झाली की बाहीवर लावायला एक कापडी बिल्ला मिळे. बिल्ला बिस्किटाएवढा, पण तो लागला की भल्याभल्या मुली बाही लोकांच्या डोळ्यांसमोर येईल अशा बेताने चालायला लागत. शिवाय हिवाळ्यात नदीकाठी तंबू ठोकून जे शिबिर भरे, त्याला बिल्लेवाल्या मुलींनाच नेत. बाकीच्यांनी घरी बसून तंबूत कसं झोपतात याची कल्पना करायची.

परीक्षा घ्यायला तालुक्याहून एक मोठ्या बाई येत. त्या वर्षातून एकदाच येत, त्यामुळे एकदा हुकलं की वर्षभर वाट पाहणं आलं.

वेणूचं मागच्या वर्षी हुकलं होतं. पाण्याने भरलेली बादली दोरीने झाडाला टांगायची होती. वेणूने सगळ्यांच्या आधी टांगली, सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि मोठ्या बाई जवळ येऊन बघतात तर गाठ सुटून बादली नेमकी त्यांच्या पायावर आली. तिच्याबरोबरच्या सगळ्या मुली त्या दिवशी पास झाल्या. मग कुणाच्या चपलेचा बंद सुटला, कुणाची वेणी सुटली, की मुली म्हणत, "वेणूची गाठ दिसतेय." वेणूही त्यांच्याबरोबर हसायची. पण शिबिराचा ट्रक निघाला त्या दिवशी ती घरात मागच्या दारी बसून राहिली होती आणि आईने चार वेळा हाक मारली तरी पुढे आली नव्हती.

म्हणून या वर्षी तिने जिवाचं रान केलं. गोठ्यातल्या दाव्यावर, चुलीपाशी सुतळीवर, जेवताना स्वतःच्या ओढणीवरसुद्धा ती गाठी मारत बसे. बादली टांगायची गाठ तिला डोळे मिटून येऊ लागली.

परीक्षेचा दिवस उजाडला. पावसाळा नुकताच सरला होता, गवत कमरेपर्यंत वाढलेलं होतं. बादली टांगली ती लटकून राहिली. मोठ्या बाईंनी दोन पावलं लांब उभं राहून ती नीट पाहिली, कारण मागच्या वर्षीचा त्यांचा पाय त्या विसरल्या नव्हत्या. चूल पेटवायला दोन काड्या मिळत, वेणूची पहिल्याच काडीत पेटली. आता राहिलं होतं शेवटचं काम, माग घालायचं.

माग घालणं म्हणजे काय, तर एकीने पुढे जायचं आणि जाताना वाटेवर खुणा मांडत जायचं. खडे मांडून केलेला बाण म्हणजे इकडून या. दोन काटक्यांची फुली म्हणजे इकडे येऊ नका. मागून बाकीच्या मुलींनी त्या खुणा शोधत शोधत ठरल्या जागी पोचायचं, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात शेवटच्या मुलीने एकेक खूण मोडत यायचं. जंगलात आपली एकही खूण उरू द्यायची नाही, असा पथकाचा कडक नियम होता. पुढे गेलेलीने एखादी खूण चुकून भलतीकडे मांडली, तर ती तिनेच परत जाऊन मोडायची. न मोडता राहिली, तर परीक्षा गेली.

ठरली जागा होती रानातला झरा. तिथे पथकाच्या बाईंनी खिचडीचं मोठं पातेलं चढवलं होतं. वेणू शाळेच्या मैदानावरून निघाली आणि खुणा मांडत रानात शिरली.

रानात वाटेला पहिला फाटा येतो. तिथून उजवीकडे गेलं की झरा. डावीकडची वाट चढून वरच्या वाडीला जाते. वेणूला वाटलं, सगळ्याच मुली उजवीकडून माग घालतात, आपण जरा वेगळं करून दाखवू. डावीकडून वर जाऊन जुन्या दगडखाणीच्या कडेने वळसा घातला की झऱ्यावर वरच्या बाजूने उतरता येतं. मोठ्या बाई खूश होतील. तिने फाट्यावर डावीकडचा बाण मांडला आणि चढायला लागली. वर एका बेहड्याच्या झाडाखाली वाट पुन्हा फुटते, एक वाडीकडे, एक खाणीकडे. तिथे तिने खाणीकडे तोंड केलेला चांगला ठसठशीत बाण मांडला. पांढरे खडे वेचून वेचून मांडला, इतका तो तिला आवडला होता.

खाणीच्या वाटेने थोडं पुढे जाते तर समोरची वाटच नाहीशी झालेली. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि तिकडे कुणी फिरकत नसे. या पावसात खाणीचा कडा ढासळून वाट पोटात घेऊन गेला होता. गवत मात्र कडेपर्यंत तसंच उभं होतं. गवत बाजूला केलं तेव्हा वेणूला खाली हिरवं पाणी दिसलं. ती तशीच मागे सरकली.

आता उशीर होत होता. आल्या वाटेने परत जाण्यापेक्षा ती करवंदीच्या जाळीतून सरळ खाली घुसली, अंगभर ओरखडे घेत पहिल्या फाट्यावर उतरली, तिथला बाण मोडून उजवीकडे वळवला आणि पुढच्या खुणा भराभर मांडत झऱ्यावर जाऊन उभी राहिली. बेहड्याखालचा बाण राहून गेला. घाईत तो तिच्या डोक्यातच आला नाही.

बाकीच्या मुली माग काढत आल्या. एकही चुकली नाही, कारण पहिल्या फाट्यावरचा बाण त्यांना बरोबर झऱ्याकडे घेऊन आला. सगळ्यात शेवटी आली टोळीची नायिका कुमुद. तिने वाटेतल्या सगळ्या खुणा मोडल्या होत्या. कुमुद तशी फार शिस्तीची मुलगी. तिच्या गळ्यात शिट्टी असे आणि ती झोपतानासुद्धा काढत नसेल अशी मुलींना शंका होती.

मोठ्या बाईंनी माग घालणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारायचा तो प्रश्न विचारला, "मागे काही राहिलं?"

"काही नाही, बाई," वेणू म्हणाली. ती खोटं बोलली नाही, तिला खरंच तसं वाटत होतं.

मोठ्या बाईंनी पिशवीतून बिल्ला काढला आणि सेफ्टी पिनेने तिच्या बाहीला लावला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ज्या मुली वर्षभर वेणूची गाठ म्हणत होत्या, त्यांनीच जास्त जोरात वाजवल्या. वेणूला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, म्हणून ती खिचडी ढवळायला लागली.

खिचडी होत आली, पण पानं मांडायची काही कुणी बोलेना. पथकाच्या बाई सारख्या चढाकडे बघत होत्या. मोठ्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की वरच्या वाडीतल्या बुलबुल जेवायला यायच्या आहेत. पथकात घ्यायला अजून लहान असलेल्या मुलींना तिथे बुलबुल म्हणत. त्यांच्या ताई त्यांना घेऊन निघाल्याही असतील, बेहड्यापाशी वळून खाली उतरल्या की आल्याच. मग बाई हसत हसत सांगू लागल्या की मागच्या आठवड्यात या पोरींना त्यांनी पहिली खूण शिकवली, बाण. फुली अजून शिकवायची आहे. तेव्हापासून पोरींना बाणाचं वेड लागलंय. एकीला गिरणीच्या भिंतीवर रंगवलेला बाण दिसला, तर ती त्याच्यामागे गिरणीत शिरून पिठाने पांढरी होऊन बाहेर आली.

सगळ्या हसल्या. वेणूच्या हातातला डाव तेवढा थांबला. बेहड्याखालचे पांढरे खडे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

माणसाच्या मनात एवढ्याशा वेळात किती विचार येऊन जातात. तिला वाटलं, पोरी रोजच्या वाटेने येतात, त्यांचं लक्षही जाणार नाही. मग वाटलं, असा बाण बघून बुलबुल सरळ जाईल हे काही शक्य नाही. मग तिने बाहीकडे पाहिलं. बिल्ला लागून खिचडी शिजण्याएवढाही वेळ झाला नव्हता. आणि मग तिला एक युक्ती सुचली. गुपचूप जाऊन बाण मोडून यावा. कुणाला कळणार नाही, पोरीही वाचतील आणि बिल्लाही वाचेल.

ती कळशी उचलून म्हणाली, "बाई, मी पाणी आणते," आणि चालू पडली. झऱ्याचं पाणी दुसऱ्या बाजूला होतं आणि ही चढाकडे निघाली होती, पण गप्पांच्या नादात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

झाडांआड गेल्यावर ती धावायला लागली. चढ उभा होता. धावता धावता तिच्या मनात आलं, आणि त्या आधीच वळल्या असतील तर? आपण बेहड्यापाशी पोचलो आणि बाण तिथेच आहे, पण पोरी पुढे गेलेल्या आहेत, असं झालं तर? मग आपण एकटी काय करणार. हाक मारली तर पोरी पकडापकडीचा खेळ समजून आणखी पुढे धावतील. दोर आपल्याजवळ नाही. शिट्टी कुमुदकडे आहे. आपण बिल्ल्यासाठी एकटीने निघालोय, पोरींसाठी निघालो असतो तर सगळ्यांना घेऊन निघालो असतो.

हा विचार आला आणि तिचे पाय थांबले. मागे फिरायला तिला फार जड गेलं, हे कबूल केलं पाहिजे. पण ती फिरली. कळशी तिथेच टाकली आणि उतारावरून घसरत, धडपडत ती झऱ्यावर आली.

"बाई, मी खोटं बोलले. पाणी आणायला नव्हते गेले," ती म्हणाली. "माझा एक बाण मागे राहिलाय. बेहड्याखाली. तो खाणीकडे जातो आणि तिथली वाट तुटलीय."

पथकाच्या बाईंनी पातेलं तसंच सोडलं. कुमुदने झऱ्याकाठी पाण्यासाठी झाडाला टांगलेल्या बादलीचा दोर सोडायला घेतला, तो सुटेना, तेव्हा वेणूनेच पुढे होऊन तो झटक्यात सोडवला. सगळ्या चढाला लागल्या. मोठ्या बाई वयाने मोठ्या होत्या, पण त्या दिवशी त्या कुणाच्या मागे राहिल्या नाहीत.

अर्ध्या चढावर वाडीच्या ताई भेटल्या. त्या एकट्याच होत्या, जाळीत वाकून बुलबुलांना शोधत होत्या. एका पोरीची चप्पल तुटली म्हणून त्या तिच्यापाशी बसल्या होत्या, चप्पल बांधून होते तोवर तीसुद्धा निसटून बाकीच्यांच्या मागे पळाली. पोरी पुढे खाली उतरल्या असतील म्हणून ताई इथवर आल्या, तर वाटेत कुणी नाही. आपल्या पोरी खाली पोचल्या का, असं त्यांनी विचारलं आणि यांचे चेहरे बघून त्यांचा चेहरा उतरला.

वेणूला रडू कोसळलं. रडत रडतच ती म्हणाली, "हाका नका मारू कुणी. कुमुद, लांब शिट्टी वाजव."

त्या पथकात लांब शिट्टी म्हणजे असाल तिथे पुतळा. मैदानावर खेळताना शिट्टी वाजली की जी हलेल ती बाद. बुलबुलांना गाइडचं बाकी काही येत नसलं तरी या खेळात त्या पक्क्या होत्या, कारण बाद झालेलीला चिंचेची गोळी मिळत नसे. कुमुदने छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी वाजवली. सगळं रान त्या आवाजाने भरून गेलं. श्वास संपला की ती पुन्हा घेई आणि पुन्हा वाजवी. वाजवत वाजवतच त्या बेहड्यापाशी पोचल्या. बाण जागच्या जागी होता, आणि त्याच्या पुढचं गवत लहान लहान पायांनी तुडवलेलं होतं.

खाणीच्या वाटेवर गवतात बुलबुल उभ्या होत्या. सगळ्या उभ्या होत्या. एकीचा हात नाकाशी होता तो तिथेच राहिला होता. एक जण एका पायावर उभी राहून डुगडुगत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, जिथे गवत संपतं त्याच्या जरा अलीकडे, शेवंती नावाची सगळ्यात धाकटी बुलबुल उभी होती. तिच्यापुढे दोन पावलांवर काही नव्हतं, फक्त खाली पाणी.

दोर कमरेला बांधून पथकाच्या बाई पुढे गेल्या. बाकीच्यांनी मागून दोर धरला. बाईंनी शेवंतीला मागून अलगद उचललं आणि छातीशी धरून मागे आणलं. मग एकेक करत सगळ्या पोरींना पक्क्या जमिनीवर आणलं. ताई पोरींना पुन्हा पुन्हा मोजत होत्या आणि दर वेळी आकडा बरोबरच येत होता, तरी त्यांचं मोजणं थांबत नव्हतं.

शेवंती अजून हलली नव्हती. बाईंच्या कडेवरूनच तिने विचारलं, "बाई, आता हलू का? मी बाद नाही ना झाले?"

"नाही गं," बाई म्हणाल्या, "तू जिंकलीस," आणि मग त्यांनाही रडू आवरेना. एकीचं बघून दुसरीला, दुसरीचं बघून तिसरीला, असं करत करत सगळ्याच रडल्या आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. कुमुद तर दोन्ही एकदम करत होती. या का रडतायत ते बुलबुलांना कळेना, पण सगळ्या रडतायत म्हणून त्यांनीही थोडं रडून घेतलं.

वेणूने बेहड्याखाली जाऊन बाण मोडला. एकेक खडा उचलून तिने लांब जाळीत भिरकावला. काटक्या वेचून त्या वाटेच्या तोंडावर आडव्या रचल्या आणि त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. मग ती मोठ्या बाईंपुढे आली. सेफ्टी पीन तिने स्वतःच काढली आणि बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला.

कुमुद मध्येच म्हणाली की वेणूने सांगितलं नसतं तर आज काय झालं असतं, तिला बिल्ला द्यायला हवा. मोठ्या बाईंनी मान हलवली.

"तिने सांगितलं त्याचं मोल या बिल्ल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून त्याच्या बदल्यात हा देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि माग चुकला तो चुकलाच. वेणू, पुढच्या वर्षी मी येईन. सावकाश माग घाल. मी थांबेन कितीही वेळ."

वेणू म्हणाली, "हो बाई." तिला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला फार वाईट वाटेल. थोडं वाटलंही. पण तेवढ्यात शेवंती येऊन तिचं बोट धरून उभी राहिली, आणि ते बोट सोडवून वाईट वाटून घेत बसायला तिला सवड मिळाली नाही.

झऱ्यावर येऊन बघतात तर खिचडी खाली चांगलीच लागलेली. वरची वरची काढून वाढली, करपलेली खरवड मोठ्या मुलींनी भांडून खाल्ली. बुलबुलांनी तीन तीनदा मागून घेतली. वेणू वाढायला होती. पोरी घास घेत होत्या, सांडत होत्या, एकमेकींच्या पानातलं उचलत होत्या, आणि ती प्रत्येकीच्या पानापुढे जरा जास्तच वेळ थांबत होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दारात वाटच बघत होती. लेकीच्या हातापायांवर ओरखडे होते, डोळे सुजलेले होते आणि बाही रिकामी होती. आईने काय ते ओळखलं. मागच्या वर्षीचं मागचं दार तिला आठवलं. तिने हळूच विचारलं, "नाही का झालीस पास?"

"नाही," वेणू म्हणाली.

"मग हसतेस कशाला?"

वेणू उंबऱ्यावरच बसली. दिवसभराचा सगळा शीण तिच्या अंगातून आता कुठे उतरत होता. ती म्हणाली, "आई, बुलबुल जेवायला आल्या होत्या. सगळ्या जेवून घरी गेल्या."

तात्पर्य: आपली चूक आठवली की ती झाकून एकट्याने निस्तरायला धावू नये, आधी ती मोठ्याने सांगावी. मान उशिरा मिळाला तरी तो मानच असतो, पण चूक उशिरा सांगितली तर ते सांगणं कुणाच्या उपयोगाचं नसतं.